बाटल्या फोडल्या, रोपं जपली

खाकी उतरवून आता बरीच वर्षं झाली. नोकरीत पाहिलेले जमाव, पंचनामे, विहिरीतून बाहेर काढलेली प्रेतं, यातलं पुष्कळ काही पुसट झालं. एका कॉलेजातला फुटलेल्या काचांचा खच आणि त्याच्यापासून चार पावलांवर सावलीत नीट झाकून ठेवलेली रोपं मात्र डोळ्यांपुढून हलत नाहीत. त्या प्रकरणात ना खून होता ना दरोडा. वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली होती आणि तीही चुकीची.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. वर्ध्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी निरीक्षक होतो. कापसाचा हंगाम, बाजारातली गर्दी, स्टेशनवरचे पाकीटमार आणि कॉलेजच्या पोरांच्या मारामाऱ्या, एवढ्यात आमचा दिवस जायचा. या प्रकरणातली माणसं अजून आपापल्या घरी आहेत, म्हणून नावं देत नाही.

एके दिवशी सकाळी हजेरी आटोपून मी केबिनमध्ये बसलो होतो. एक बाई सायकल लावून आत आल्या. एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत, मीही तेच म्हणतो. अंगाने किरकोळ, आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा खणखणीत. घरी फोन करून कोणीतरी त्यांना धमक्या देत होतं, त्याचा अर्ज घेऊन आल्या होत्या.

"धमकी कशाबद्दल?" मी विचारलं.

"पाण्याबद्दल," त्या म्हणाल्या.

गोष्ट अशी होती. शहरापासून थोड्या अंतरावर एक नाला आहे. त्याच्या वरच्या अंगाला तेव्हा कापड रंगवण्याचा एक कारखाना होता आणि खालच्या अंगाला भाजीवाल्यांची वावरं. उन्हाळ्यात सगळीकडे ठणठणाट असतानाही या नाल्याला पाणी असायचं, कारण ते कारखान्याचं होतं. कधी तांबूस, कधी निळसर. त्याच पाण्यावर पालक, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी पिकायची आणि पहाटे वर्ध्याच्या बाजारात यायची. मॅडमनी दोन वर्षं ते पाणी, ती माती आणि ती भाजी तपासली होती. भाजीत जड धातू उतरत होते. अडीच-तीन महिन्यांनी नागपूरला परिसंवाद होता, तिथे त्या हा निबंध वाचणार होत्या.

"तुम्हाला पोलीस संरक्षण हवं आहे का?" मी विचारलं.

"नको. अर्जाची नोंद तेवढी करा. उद्या काही झालं तर आधी सांगितलं नव्हतं असं कोणी म्हणू नये."

घाबरलेली माणसं ठाण्यात येतात तेव्हा खुर्चीच्या कडेवर बसतात. या बाई पूर्ण टेकून बसल्या होत्या. मी अदखलपात्र म्हणून नोंद घेतली आणि बीट हवालदाराला कॉलेजकडे एक चक्कर वाढवायला सांगितली.

पुढे दोन-तीन आठवड्यांनी, रविवारी दुपारी, कॉलेजच्या शिपायाचा फोन आला. प्रयोगशाळा फोडली होती आणि मॅडमचा हात मोडला होता.

आम्ही पोचलो तेव्हा मॅडमना सावंगीच्या दवाखान्यात नेलं होतं. मागच्या दाराचं कुलूप कशाने तरी उचकटलेलं होतं. आत काचाच काचा. दोन वर्षं जमवलेले पाण्याचे आणि मातीचे नमुने फरशीवर एकत्र झाले होते. कुठलीतरी आम्लाची बाटलीही फुटली असावी, कारण डोळे चुरचुरत होते. फुटलेल्या नळाचं पाणी पुढच्या पायऱ्यांपर्यंत वाहत गेलं होतं.

प्राचार्य घाम पुसत उभे होते. त्यांनी फिर्याद दिली. तीन इसमांनी तोंडाला दुपट्टे बांधून, संगनमत करून प्रयोगशाळेची नासधूस केली आणि अडवायला गेलेल्या प्राध्यापिकेला मारहाण करून हात मोडला. तिघं पळताना फक्त शिपायाने पाहिले होते; प्राचार्य स्वतः तेव्हा घरी जेवत होते. पण फिर्याद लिहिताना आमच्या रायटर हवालदाराची लेखणी एकदा धावायला लागली की ती कोणाला आवरत नसे.

पंचनामा करत मी मागच्या अंगणात आलो आणि तिथेच थबकलो. कडुनिंबाच्या सावलीत लाकडी ट्रे ओळीने मांडलेले होते. वर पोती पसरलेली होती. पोतं उचललं तर ते ओलं. खाली वांग्याची कोवळी रोपं, एकही न मोडलेलं. काही ट्रेंवर 'नाला' अशी चिठ्ठी चिकटवलेली होती, काहींवर 'विहीर'.

"हे ट्रे इथेच असतात का?" मी शिपायाला विचारलं.

"नाई साहेब. आत असतात, खिडकीपाशी. मॅडम रोज पाणी द्याले येते, रविवारीबी."

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. मॅडमना शस्त्रक्रियेसाठी न्यायची तयारी चालली होती, डॉक्टरांनी दोन मिनिटं दिली. मी एकच प्रश्न विचारला, "ट्रे तुम्ही बाहेर ठेवले?"

"ट्रे? नाही. ते वाचले?" असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. दुखत होतं तरी चेहरा उजळला होता.

ठाण्यात परतलो तर एक निनावी फोन येऊन गेला होता: हे काम कारखान्याच्या माणसांचं आहे. उपनिरीक्षक, हवालदार, चहावाला, सगळ्यांचं मत तेच. वर्तमानपत्रवालेही तेच छापायला निघाले होते. मलाही आधी तसंच वाटलं असतं, पण ते ओलं पोतं आडवं येत होतं. माझ्या मामाचा भाजीचा मळा होता आणि शाळेच्या सुट्ट्या मी तिथे चिखलात काढलेल्या. रोप जागचं हलवलं की ते दुपारच्या उन्हात मान टाकतं. मळ्यातला माणूस ते सावलीत ठेवतो, वर ओलं पोतं टाकतो. हे त्याला कोणी सांगावं लागत नाही, हात आपोआप करतात. भाड्याचा गुंड बाटलीबरोबर ट्रेही लाथेने उडवतो, पोती शोधून ती भिजवत बसत नाही.

"हे काम भाजीवाल्यांचं आहे," मी म्हटलं. उपनिरीक्षक हसू दाबून कागद लावत बसला. तरुण अधिकारी वरिष्ठांवर असेच हसतात, त्याचं मी वाईट वाटून घेत नसे.

दुसऱ्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष प्राचार्यांना घेऊन ठाण्यात आले. चहा झाला, हवापाण्याच्या गोष्टी झाल्या, मग मुद्द्यावर आले.

"साहेब, तुम्ही मॅडमला समजावा. नमुने तर गेलेच. आता 'पुरावे नष्ट झाले, निबंध मागे घेते' एवढं एक वाक्य लिहून दिलं की विषय संपला. त्यांचीबी इज्जत राह्यली, आमचीबी. नाहीतर विनापरवानगी निबंध वाचला म्हणून आम्हाले कारवाई करावी लागन."

"गुन्हा तुमच्या कॉलेजात घडला आहे," मी म्हटलं, "आणि तुम्ही मला फिर्यादी पक्षालाच गप्प करायला सांगताय. हे काम माझ्या यादीत नाही." अध्यक्षांनी कप खाली ठेवला तो जरा जोरातच.

तपासाला खरी दिशा मिळाली ती एका खबऱ्याकडून. तो बसस्टँडवर ऑटो चालवायचा. म्हणाला, "साहेब, रविवारी तीन जण बसवलेते. कॉलेजच्या मांगच्या फाटकापाशी उतरले. वावरातले माणसं दिसत होते, अन् म्या सांगतलं तेवढं भाडं देऊन गेले. मले तेव्हाच खटकलं. खेड्यातला माणूस अन् भाड्यावर घासाघीस नाई करत, असं कधी होते का?"

त्याच्या वर्णनावरून नाल्याकाठच्या गावात चौकशी केली. एक भाजीवाला आणि त्याचे दोन पुतणे रविवारपासून गावात नव्हते. पुतणे दुसऱ्याच दिवशी नातेवाइकांकडे सापडले आणि तोंडाला कुलूप लावून बसले. काका मिळाला तळेगावच्या बाजारात, साळ्याच्या भाजीच्या दुकानावर. आमचे शिपाई साध्या वेशात गेले तेव्हा तो गिऱ्हाइकाला वांगी तोलून देत होता. तोललेली वांगी पूर्ण पिशवीत टाकली, मग मुकाट गाडीत बसला.

पन्नाशी उलटलेला, काळा, काटक माणूस. वयाने मोठ्या माणसाला मी कोठडीतही 'तुम्ही' म्हणत असे. हवालदारांना ते आवडायचं नाही, पण त्याने माणूस बोलतो, असा माझा अनुभव आहे. मारून बोलायला लावलेला माणूस मार थांबेल असं काहीही बोलतो.

"कॉलेजात गेलतो नाई साहेब. म्या कॉलेज पाह्यलंच नाई," हे त्याचं पहिलं वाक्य आणि सकाळपासून दुपारपर्यंत तेच चालू होतं. मी विषय सोडला. चहा मागवला आणि मळ्याच्या गप्पा काढल्या. यंदा मेथीला भाव काय, किडीला काय फवारता, पाणी किती लागतं. हळूहळू तो मोकळा झाला. मामाच्या मळ्याचं सांगितलं तर म्हणाला, "मंग साहेब तुमाले समजते. इथं ह्या लोकायले काय समजणार!" हवालदाराने माझ्याकडे असं पाहिलं, जणू पुढच्या खेपेला तो मला एकट्यालाच चौकशी करायला लावणार होता.

मग मी सहज बोलल्यासारखं म्हटलं, "त्या कॉलेजातली पालकाची रोपं मात्र छान होती. लावायला झाली होती अगदी."

"पालकाचं रोप लावत नसते साहेब," तो लगेच म्हणाला. "पालक पेरा लागते. अन् थे वांग्याचे होते. लावाले अजून आठ-पंधरा दिवस पाह्यजे होते."

 वर्तमानपत्रात पालकाचीच रोपं म्हणून छापून आलं होतं. ती वांग्याची होती हे ज्याने पाहिलं त्यालाच माहीत. त्यालाही दोन क्षणांनी उमगलं. हातातली बशी त्याने जमिनीवर ठेवली. पण खरं सांगतो, मला वाटतं त्याला पुन्हा संधी दिली असती तरी त्याने मला दुरुस्त केलंच असतं. पालकाचं रोप लावतात असं कोणी बोलावं आणि त्याने ऐकून घ्यावं, हे त्याच्याच्याने झालं नसतं.

"रोपं काऊन वाचवली?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

"कोणाचे का असेना, रोपच होय ना साहेब. त्यायनं काय केलं?" मग जरा थांबून म्हणाला, "अन् म्या पाह्यलं. नाल्याच्या पाण्याचे जास्त मोठे झालते. मंग बाई म्हणते पाणी खराब हाये म्हणून! खोटं बोलून राह्यली ना थे?"

त्याच्या मनातली आग ही होती. कारखान्याचा एक माणूस गावात येऊन सांगून गेला होता की ही बाई नागपूरला कागद वाचणार, मग सरकार तुमची भाजी बाजारात येऊ देणार नाही, आणि तिचा सगळा पुरावा कॉलेजातल्या बाटल्यांत आहे. बस, एवढंच. फोडा म्हणाला नाही, मारा म्हणाला नाही. कायद्याने मी त्याला हात लावू शकलो नाही. असल्या माणसांचा मला अजूनही संताप येतो. काडी ओढून देतात आणि स्वतः घरी जाऊन जेवतात.

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, म्हणून जप्ती महत्त्वाची. पंचांसमक्ष त्याने गोठ्यातून कुलूप उचकटलेली सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, काढून दिली. दुपट्टाही मिळाला, आम्लाने त्याला जागोजागी भोकं पडली होती. एकच गोष्ट तो शेवटपर्यंत नाकारत राहिला: "बाईले हात नाई लावला. म्हाताऱ्या मायची शपथ." शपथा आम्ही रोज ऐकतो. मी विश्वास ठेवला नाही.

मॅडमची शस्त्रक्रिया झाल्यावर त्या जबाब द्यायला स्वतः ठाण्यात आल्या. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. आरोपीला कोर्टात न्यायचं होतं, म्हणून तो माझ्या केबिनबाहेर बाकावर बसवलेला होता. मध्ये फक्त पडदा होता.

रायटरने सुरुवात केली, "आरोपींनी तुम्हाला ढकलून दिलं..."

"ढकललं नाही," मॅडम म्हणाल्या.

मी पुढे सरकलो. "त्यांच्या हातात सब्बल होती ना?"

"होती. पण उगारलेली नव्हती. मी दारात आले, मला पाहून तेच दचकले. मी घाबरून मागे पळाले. पायऱ्यांवर पाणी आलं होतं, पाय घसरला. हात तिथे मोडला."

"मॅडम, ते तिथे नसते तर तुम्ही पळाला असता का?"

"नसते पळाले. तसंच लिहा. घाबरून पळाले आणि घसरले. त्यांनी पाडलं असं लिहू नका."

मी त्यांना समजावून सांगितलं. घातक हत्याराने हाड मोडलं असं आलं तर जामीन लवकर होणार नाही. हे तिघं आत राहिले तर गावात वचक बसेल आणि तुम्ही सुरक्षित राहाल. नुसती घुसखोरी आणि नुकसान म्हटलं तर आठवड्यात बाहेर येतील. आणि हे तुम्हाला कोणाच्या भल्यासाठी नाही, तुमच्या जिवासाठी सांगतोय.

"एवढं तर चालते मॅडम," रायटर म्हणाला. "सगळेच लिहितात."

"मी नाही लिहीत, भाऊ," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "साहेब, हाताबद्दल मी थोडं वाढवून सांगितलं, तर उद्या कोणी म्हणेल पाण्याबद्दलही वाढवलं असेल. मी त्याला काय उत्तर देऊ?"

मला तेव्हा राग आला होता, लपवून काय करू? मेहनतीने उभी केलेली केस ही बाई आपल्या एका चांगल्या हाताने मोडत होती. पण जबाब जसा दिला तसा लिहून घेतला. त्यांनी तो तीनदा वाचला आणि डाव्या हाताने कशीबशी सही केली. पडद्याबाहेर आल्या तेव्हा बाकावरचा माणूस उठून उभा राहिला.  त्या गेल्यावर त्याने मला विचारलं, "बाई असं काऊन बोलली साहेब?"

"मलाही कळलं नाही," मी म्हटलं.

अपेक्षेप्रमाणे तिघंही जामिनावर सुटले. आणि त्याच आठवड्यात मॅडमचा निरोप आला: नमुने नष्ट झाले आहेत, तेव्हा नव्याने घ्यायला मी नाल्यावर जाते आहे. मी तडक त्यांच्याकडे गेलो. आकडे तुमच्याकडे आहेत, तेच वाचा, असं सांगून पाहिलं.

"आकडे आहेत. पण कोणी म्हणालं, पुन्हा तपासून दाखवा, तर दाखवायला हातात काही नको?" त्या म्हणाल्या. "परिसंवादाआधी वेळ आहे. दिवसाढवळ्या जाईन, सगळ्यांच्या समोर. चोरून घेतलेला नमुना मला नको."

मी दोन शिपाई आणि उपनिरीक्षकाला घेऊन सोबत गेलो. नको म्हणत होत्या, पण बंदोबस्त लावणं हा माझा अधिकार होता, त्यांचा नाही. नाल्यावर अर्धं गाव जमलेलं. बाया पुढे, पुरुष मागे. अशी मांडणी दिसली की समजावं, ठरवून आलेत.

एक बाई पदर खोचून पुढे आली. "आमच्या पोटावर कायले पाय देता मॅडम? आमी तुमचं काय वाकडं केलं?"

मला वाटलं होतं, मॅडम आता गोड बोलतील. तुमचं काही नुकसान होणार नाही, सरकार भरपाई देईल, वगैरे. त्या म्हणाल्या, "मावशी, तुमचं नुकसान होईल. होणार नाही असं मी कशाला सांगू? पण हीच भाजी तुमचे लेकरं खातात. पाण्यात काय आहे हे तुम्हाले कोणीच सांगतलं नाही, म्हणून मी सांगून राह्यली."

मागून एक ढेकूळ आलं आणि त्यांच्या खांद्यावर फुटलं. त्या लडखडल्या. शिपायाने काठी उचलली, मी ओरडायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात गर्दी बाजूला सारत तो पुढे आला. तोच, जामिनावर सुटलेला.

"कोनं फेकलं?" तो गर्दीकडे पाहून गरजला.  मग म्हणाला, "आयका. ह्या बाईचा हात मोडला. म्या पाडलं म्हणाली असती तर म्या आतच सडलो असतो. पोलिसायनं लय सांगतलं तिले, म्या बाहेर बसून आयकत होतो. तरी नाई म्हणाली. माह्याबद्दल खोटं बोलली नाई, तर पाण्याबद्दल काऊन बोलन?"

पोलिसांबद्दलचं ते वाक्य माझा उपनिरीक्षक आणि शिपाई ऐकत होते. मी नाल्याकडे बघत राहिलो.

तो मॅडमकडे वळला. "माह्या वावरातून घ्या. बाकीचे नाई देत तर नका देऊ."

"काका, तुमचं खराब निघालं तर मी खराबच लिहीन," त्या म्हणाल्या.

"अन् चांगलं निंगालं त?"

"तर चांगलं लिहीन."

"मंग झालं." त्याने त्यांच्या पिशवीतून बाटली काढली. एका हाताने त्यांना झाकण उघडता येत नव्हतं. त्या सांगत गेल्या तसं त्याने बाटली तीनदा खळबळली, पाण्यात बुडवून काठोकाठ भरली, बूच लावलं. आपल्याच हाताने पालक उपटला, माती काढली. तो वाकला तसे आणखी दोघे-तिघे आपापल्या वावरात शिरले. ढेकूळ फेकणारा कोण ते मी शोधलं नाही. त्या दिवशी ते काम गावाचं होतं, मी केलं असतं तर बिघडलं असतं.

निकाल आला. सगळ्यात वाईट त्याच्याच वावराचा होता, कारण ते कारखान्याच्या सगळ्यात जवळ. मॅडम निबंध वाचायच्या आधी त्याच्या घरी गेल्या आणि मीही गेलो, कारण मला भीती वाटत होती. त्या ओसरीवर बसल्या, चहा घेतला, आणि काही न लपवता सांगितलं. नाल्याच्या पाण्याने रोप मोठं का होतं, तेही सांगितलं: त्या पाण्यात रोपाला वाढवणारंही काही असतं आणि माणसाला बिघडवणारंही. मोठं झालं म्हणजे खायला चांगलं झालं, असं नव्हे. त्याची बायको पदराने डोळे पुसत होती. तो वावराकडे पाहत बसला. मला त्याचं फार वाईट वाटलं. आयुष्यभराची अक्कल एका दुपारी खोटी ठरणं सोपं नसतं.

शेवटी म्हणाला, "नागपूरले मले घेऊन चाला."

परिसंवादाला मीही गेलो, रजा काढून, साध्या कपड्यात. कॉलेजने मॅडमना नोटीस दिली होती, ती पर्समध्ये ठेवून त्या व्यासपीठावर चढल्या. निबंध वाचून झाल्यावर कारखान्याच्या बाजूने आलेले एक सुटातले गृहस्थ उभे राहिले. अत्यंत सभ्य भाषेत म्हणाले की मूळ नमुने नष्ट झाले आहेत हे सर्वश्रुत आहे. हे नवे नमुने कुठून आले, कोणी घेतले, कसे घेतले, याची शहानिशा कोण करणार? सभागृहात कुजबुज सुरू झाली. मॅडम उत्तर द्यायला माइकजवळ गेल्या.

त्याआधीच मागच्या रांगेतून धोतर सावरत तो उठला. एवढ्या शिकलेल्या माणसांसमोर त्याने आधी हात जोडले. 

"बाटली म्या भरली. वावर माह्यं हाये."

एवढंच बोलला आणि उभाच राहिला. कोणी आणखी काही विचारलं तर सांगायची त्याची तयारी होती.  सुटातले गृहस्थ बसले. मी आयुष्यात पुष्कळ साक्षीदार तयार केले, शिकवले, वेळेवर कोर्टात हजर केले. असा साक्षीदार मला कधी उभा करता आला नाही. माझे डोळे भरून आले होते आणि ते कोणी पाहिलं असतं तरी मला पर्वा नव्हती.

पुढे कारखान्याला नाल्यात उघडं पाणी सोडणं थांबवावं लागलं. गावात विहिरी खोदल्या गेल्या. मधले दोन हंगाम भाजीवाल्यांना फार जड गेले, हेही सांगितलं पाहिजे. मॅडमची कॉलेजने चौकशी लावली; त्यात काही निघालं नाही, पण बढती मात्र बरीच वर्षं अडकली. त्यांनी त्याबद्दल माझ्याजवळ कधी तक्रार केली नाही. शिकवत राहिल्या.

खटला दोन-तीन वर्षांनी बोर्डावर आला. त्याच्या वकिलाने सगळं नाकारायला सांगितलं होतं. जप्तीचे पंच फुटले होते, तो सुटलाही असता. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

"कबूल हाये साहेब," तो म्हणाला. वकिलाने कपाळाला हात लावला. "कुलूप तोडलं, बाटल्या फोडल्या. बाईले हात नाई लावला."

मॅजिस्ट्रेटनी समोर बसलेल्या मॅडमकडे पाहिलं. त्या उभ्या राहिल्या. हात बरा झाला होता, पण कोपरात पूर्वीसारखा सरळ होत नव्हता.

"बरोबर सांगताहेत," त्या म्हणाल्या.

ज्याने नुकसान केलं तो आणि जिचं झालं ती, दोघं कोर्टात एकच गोष्ट सांगतात, हे माझ्या सगळ्या नोकरीत मी एकदाच पाहिलं. सरकारी वकिलाला काही विचारायचं उरलं नाही. मीही फाइल बंद केली आणि मागच्या बाकावर जाऊन बसलो. निवृत्तीपर्यंत नव्या पोरांना मी एकच शिकवलं: जबाब लिहिताना माणसाने जेवढं सांगितलं तेवढंच लिहा, त्याच्या भल्यासाठीसुद्धा एक शब्द वाढवू नका. काहींनी ऐकलं. बाकीच्यांना अजून कोणी मॅडम भेटल्या नसतील.